अक्कांच्या नावाचं रक्त

मी लॅबमध्ये काम करते हे कळलं, की लग्नकार्यात बायका मला हळूच बाजूला घेतात आणि मोबाइलवर कुणाचा तरी रिपोर्ट उघडून दाखवतात. "बघ ना गं, यात एक ठळक आलंय." ठळक म्हणजे जाड अक्षरात छापलेला आकडा. ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलेला आकडा जाड छापायची आमच्या यंत्राला सवय आहे. लोकांना वाटतं, जाड अक्षर म्हणजे आजार आणि बारीक अक्षर म्हणजे तब्येत. नोकरीच्या पहिल्या वर्षात मलाही थोडंफार तसंच वाटायचं.

माझं गाव एरंडोलजवळचं. वडील जळगावच्या डाळ मिलमध्ये पोती शिवायचे, आई शेतात जायची. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिली. बी.एस्सी. झाले, मग लॅबचा कोर्स केला आणि धुळ्याला पहिली नोकरी मिळाली. तिथे एकदा वडील भेटायला आले, तेव्हा मी त्यांच्या बोटाचा थेंब काचेवर घेतला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना त्यांचंच रक्त दाखवलं. ते बराच वेळ डोळा लावून उभे राहिले. मग म्हणाले, "मसूरच्या डाळीसारखं दिसतं." पुढे कितीतरी शिकाऊ मुलींना मी लाल पेशी कशा दिसतात हे सांगताना मसूरच्या डाळीचंच उदाहरण दिलं. ज्या मॅडमनी मला काच रंगवायला शिकवलं, त्यांचे आणि पोती शिवणाऱ्या त्या हातांचे उपकार मी कामातूनच फेडायचा प्रयत्न केला. तो कितपत जमला, हे खाली लिहिते आहे त्यावरून वाचकांनी ठरवावं.

संधिवाताच्या रुग्णांशी माझा संबंध धुळ्यापासूनच आला. वयाबरोबर गुडघे झिजतात तो त्रास निराळा. या संधिवातात शरीराची राखण करणारी यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर चालून जाते. बोटं सुजतात, सकाळी उठल्यावर कपबशी उचलत नाही, आणि वेळेत आवरलं नाही तर सांधे कायमचे वाकडे होतात. त्यावर बहुतेकांना एक लहानशी गोळी देतात, मेथोट्रेक्सेट. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. फार गुणाची गोळी आहे. तिच्यामुळे पुन्हा विळा धरलेली, पुन्हा शिवणयंत्रावर बसलेली माणसं मी पाहिली आहेत. पण ती यकृताला त्रास देऊ शकते, आणि हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं तिथलं काम मंदावू शकते. शरीराबाहेर पडते ती मूत्रपिंडातून. मूत्रपिंड थकलं, की गोळी अंगात साचत जाते आणि नेहमीचा डोसही विषासारखा होतो. म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं. यकृत कसं आहे, मूत्रपिंड कसं आहे, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पुरेशा आहेत का, आणि संधिवाताची आग किती विझली आहे, एवढं त्यातून बघायचं असतं.

हे लोकांना सांगणं अवघड. धुळ्याला एक नाना यायचे, शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. रिपोर्टचा कागद उघडायच्या आधीच विचारायचे, "ताई, पास शे का नापास?"

"नाना, यात पास-नापास नसतं."

"मग इतलं रगत काबरं लिधं?"

पास होण्यासाठी ते तयारीही करायचे. तपासणीच्या आधीचे दोन आठवडे गोळी बंद, उसाचा रस सुरू आणि कुणाकडून तरी आणलेलं काविळीचं औषध. मग रिपोर्ट सुरेख यायचा आणि बोटं सुजलेली असायची. एकदा मी त्यांना म्हटलं, "नाना, तुम्ही गोळी न घेता रक्त देता, मग मी तपासते काय?" नाना म्हणाले, "तुना पेपर तू तपास, मना अभ्यास मी करस." लॅबमधले सगळे हसले. मीही हसले. पुढे ते त्यांच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि प्रकरण थोडक्यात मिटलं. नानांची गोष्ट मी कित्येक वर्षं गमतीने सांगत असे. अक्का भेटल्यापासून सांगत नाही.

तोवर मी जळगावला आले होते. आमची लॅब तळमजल्यावर आणि वरच्या मजल्यावर संधिवाताच्या डॉक्टरांचा दवाखाना. आम्ही त्यांना सर म्हणतो. अक्का म्हणजे सुमनबाई, रावेरकडच्या एका केळीच्या गावातल्या. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं, म्हणून आम्हीही. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या सुनेने, वैशालीने, त्यांना लहान मुलासारखं पाणी पाजलं होतं, कारण पेला धरवत नव्हता. मुलगा केळीच्या गाडीवर दिल्लीपर्यंत जायचा, त्यामुळे दवाखान्याची ये-जा या दोघींचीच.

अक्का मांडे करायच्या. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण पोळपाटावर लाटत नाहीत. गव्हाचं पीठ कापडातून गाळून अगदी सैल भिजवतात, त्यात पुरण भरतात, आणि तो उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवत नेतात. बोटांवरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर तो अलगद सोडायचा. फाटला तर सगळ्यांसमोर फाटतो. व्याह्यांची पंगत असली, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या, की आजूबाजूच्या गावांतून अक्कांना बोलावणं यायचं. बायका बाकीचा स्वयंपाक करायच्या आणि अक्कांचं खापर तेवढं वेगळं मांडलेलं असायचं.

गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत हात मोकळे झाले. एके दिवशी अक्का केळीच्या पानात बांधलेले मांडे घेऊन लॅबमध्ये आल्या. माझ्यासमोर हात धरून बोटं नाचवत म्हणाल्या, "पाह्य माय, हे माह्ये हात हायेत. सासरी आली तव्हाचे." आम्ही सगळ्यांनी उभ्या उभ्या खाल्ले.

त्यानंतरच्या एका तपासणीत यकृताचा आकडा मर्यादेच्या तिपटीवर गेला. सरांनी गोळी थांबवली. ते योग्यच होतं. असं बऱ्याच जणांचं होतं. काही आठवडे थांबायचं, आकडा खाली आला की कमी डोसवर पुन्हा सुरू करायचं. अक्का चिठ्ठी हातात घेऊन खाली माझ्याकडे आल्या.

"बंद केली. आखाजी तोंडावर आली अन् बंद केली."

"महिनाभराचाच प्रश्न आहे, अक्का."

"तुह्यासाठी महिना, माय. माह्यासाठी लग्नसराई."

तो आकडा पुढे उतरला, गोळी सुरूही झाली. पण मधल्या काळात हात पुन्हा सुजले आणि गावातल्याच एका लग्नात शेजारच्या गावची बाई मांडे करायला आली. अक्कांना मानाने पाटावर बसवून जेवायला वाढलं. हे मला फार नंतर वैशालीने सांगितलं. ती म्हणाली, "त्या जेवल्या नाहीत. पानावर बसून राहिल्या."

अक्कांना एसटीने येणं जड जायचं. तालुक्याच्या गावी आमचं रक्त घेण्याचं केंद्र होतं. तिथे रक्ताची नळी द्यायची, ती बर्फाच्या डब्यातून आमच्याकडे यायची, रिपोर्ट सरांकडे जायचा आणि सर फोनवर सांगायचे. ही सोय सरांनीच करून दिली होती. केंद्रावरची मुलं सारखी बदलत. नाव विचारायचं, नळीवर लिहायचं, पुढचा माणूस. ओळखपत्र मागायची रीत तिथे नव्हती, आणि खरं तर कोण कशाला दुसऱ्याच्या नावाने सुई टोचून घेईल, असंच आम्हा सगळ्यांना वाटायचं.

केंद्रावरून येणारे अक्कांचे रिपोर्ट छान होते. यकृत छान, मूत्रपिंड छान, पांढऱ्या पेशी भरपूर, संधिवाताची आग जवळजवळ विझलेली. फक्त हिमोग्लोबिन उतरलं होतं आणि एक गोष्ट खटकत होती. प्रत्येकाच्या लाल पेशींचा सरासरी आकार आमचं यंत्र मोजतं. एकाच माणसात तो महिन्या-दोन महिन्यांत सहसा फारसा हलत नाही. अक्कांच्या पेशी पहिल्यापासून मोठ्या होत्या, या गोळीवर त्या जरा मोठ्या होतातच. आता आलेल्या नळीतल्या पेशी लहान आणि फिकट होत्या. वडिलांच्या भाषेत, चांगल्या मसूरच्या जागी कोंडा.

नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी पुन्हा रक्त मागवलं. दुसरी नळी आली. तीही तशीच, पेशी लहान. दोन नळ्या एकमेकींशी जुळल्या म्हटल्यावर अदलाबदलीचा संशय उरला नाही. तरीही मॅडमनी रिपोर्टखाली लिहिलं, आधीच्या तपासण्यांशी मेळ बसत नाही, रुग्णाला प्रत्यक्ष पाहावं. आता पुढच्या वर्षीची लग्नसराई सुरू झाली होती. सरांनी अक्कांना फोन करून बोलावलं. अक्का म्हणाल्या, येते, एवढी लग्नं उरकली की येते. रक्त कमी दिसतं म्हणून सरांनी तोवर लोहाच्या गोळ्या सांगितल्या. पुढचा रिपोर्ट आला, त्याच्या पुढचा आला. सगळे एकमेकांशी जुळत होते. मशिन बरोबर होतं, रसायनं बरोबर होती, आकडे बरोबर होते.

लग्नसराई संपल्यावर अक्का आल्या. उन्हाचे दिवस होते. दोघी घामाने निथळत लॅबच्या बाकावर बसल्या. सरांना यायला वेळ होता, म्हणून मी चहा मागवला. अक्कांनी कप उचलला. बोटं सरळ होती, पकड चांगली होती. कप ओठांना लावला आणि लगेच खाली ठेवला.

"गरम आहे का?"

"तोंड आलं हाये. उन्हाचं."

"बघू."

त्यांनी तोंड उघडलं. आतून पांढरे चट्टे होते, गालाला, जिभेखाली. कोपराच्या वर निळे डाग दिसत होते. मी विचारलं तर म्हणाल्या, खापर उतरवताना लागलं असेल. माझ्यासमोर संगणकावर त्यांचा गेल्याच आठवड्याचा रिपोर्ट होता. त्यात प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी उत्तम होत्या. बाकावर जी बाई बसली होती तिच्या त्या तशा असणं शक्य नव्हतं.

"अक्का, हात द्या. मी स्वतः रक्त घेते."

"आठ दिवसांपह्यले तं देलं."

"पुन्हा घेते."

"नको."

अक्का सुईला घाबरणाऱ्या नव्हत्या. मी वैशालीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. इतक्या वेळा येऊन गेलेली ती मुलगी मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. ओठ पांढरे, नखं पांढरी. एवढ्या घामातही चेहऱ्यावर लाली नव्हती. मी तिच्या डोळ्याखालची कातडी जरा ओढून पाहिली. आत गुलाबी काही नव्हतंच.

"वैशाली, केंद्रावर रक्त कोण देतं?"

उत्तर अक्कांनीच दिलं. आवाजात चोरी नव्हती. "तिले काहून विचारते? मी सांगते. ती देते. मीच सांगलं तिले."

"का पण?"

"माह्या रक्तात खोट निंघाली का तुम्ही गोळी बंद करता. पोरीचं रक्त तरणं हाये, चांगलं येईन."

"अक्का, ती तपासणी तुमच्यासाठी आहे. आत काय चाललंय हे कळायला."

"मांडा हातानं होते, माय. लिव्हर कोणाले दिसते?"

"आणि दुखलं की काय घेता?"

अक्कांनी चंचीतून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. मेडिकलवाल्याकडून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या होत्या. लग्नसराईत चुलीपुढे दिवसभर बसायचं म्हणून रोज, कधी दोनदा. अशा गोळ्या रोज घेतल्या की मूत्रपिंड थकतं. मग ती आठवड्याची गोळी बाहेर पडत नाही, आतच राहते.

मी दंडाला पट्टा बांधला तेव्हा अक्कांनी विरोध केला नाही. फक्त म्हणाल्या, "सरांले सांगशीन?"

"सांगावं लागेल."

"मंग घे."

यंत्राने आकडे दिले ते पाहून मी तीच नळी पुन्हा लावली. आकडे तेच आले. पांढऱ्या पेशी नावापुरत्या, प्लेटलेट अगदी खाली, मूत्रपिंडाचा आकडा चढलेला. लाल पेशी मोठ्या. ते रक्त अक्कांचंच होतं. कागद छापायला न थांबता मी जिना चढून वर गेले.

त्या संध्याकाळी अक्का दवाखान्यात दाखल झाल्या. या गोळीचा परिणाम उतरवणारं इंजेक्शन असतं, ते सुरू झालं. ताप आला, उतरला, पुन्हा आला. तोंडातून पाणीही जात नव्हतं. रोज सकाळी त्यांचं रक्त मीच तपासायचे. पांढऱ्या पेशी हलेनात तेव्हा वैशाली लॅबच्या दारात येऊन उभी राहायची. नुसती माझ्या तोंडाकडे बघायची. एकदा म्हणाली, "मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण हात बरे झाले तेव्हा त्या मला पहिल्यांदा मांडा शिकवायला बसल्या होत्या, ताई. लग्नाला सहा वर्षं झाली, तोवर खापराला हात लावू दिला नव्हता."

तिचं रक्त मी तेव्हाच तपासलं, पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या नावाने. हिमोग्लोबिन आणखी घसरलं होतं. सरांनी तो कागद आणि अक्कांच्या नावाचे जुने रिपोर्ट शेजारी ठेवले आणि चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळले. वैशालीचा आजार इतके महिने आमच्या सगळ्यांच्या टेबलावरून गेला होता. त्यावरची लोहाची गोळीही लिहून दिली होती. ती अक्का घेत होत्या, आणि जिला हवी होती ती मुलगी जिने चढताना धापा टाकत होती. उन्हाने होतं, म्हणायची.

हळूहळू अक्कांच्या पांढऱ्या पेशी वाढू लागल्या. अक्का वाचल्या. पण मूत्रपिंड पूर्ण सावरलं नाही, त्यामुळे ती गोळी कायमची बंद झाली. दुसरी औषधं दिली. सरांनी एकामागून एक बदलून पाहिली. काहींचा उपयोग थोडा झाला, काही सोसली नाहीत. पावसाळा सरेपर्यंत बोटं आत वळत गेली. वैशाली औषधांनी बरी झाली, निदान रंग तरी परत आला. मांड्याचं बोलावणं आलं तर ती नाही सांगते. तिचे फाटतात, आणि फाटले की अक्का उठून मागच्या दारी जातात.

गेल्या हिवाळ्यात केंद्रावर काही काम होतं, म्हणून अक्कांचं रक्त घ्यायला मी स्वतःच त्यांच्या घरी गेले. आता केंद्रावर ओळख पटवून घेतल्याशिवाय सुई लावत नाहीत, पण अक्कांना तिथवर नेणंही अवघड झालं होतं. त्या ओसरीवर उन्हात बसल्या होत्या. वैशाली म्हणाली, "अक्का, ताई आल्या जळगावहून." अक्का म्हणाल्या, "दिसते मले. गोळी बंद करणारी." एवढंच. मी शेजारी बसून सामान काढलं.

आमच्या कामात शीर फुगावी म्हणून प्रत्येकाला सांगतो, मूठ वळा. रक्त यायला लागलं की सांगतो, आता मूठ सोडा. दिवसभर इतक्या वेळा म्हणतो, की समोर कोण आहे हे न बघताही तोंड बोलतं. अक्कांची मूठ वळलेलीच होती, म्हणून पहिलं वाक्य म्हणायची वेळ आली नाही. सुई लागली, नळीत रक्त आलं आणि माझं तोंड बोलून गेलं.

"आता मूठ सोडा, अक्का."

अक्कांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग हात आणखी थोडा माझ्यापुढे सरकवला.

"तूच सोड, माय."

एका हाताने सुई स्थिर धरून दुसऱ्या हाताने मी त्यांची बोटं उघडून पाहिली. ती कोमट होती, पण जागची हलली नाहीत. मी दंडाचा पट्टा सोडला आणि नळी भरायची वाट पाहत राहिले.